स्वॅप भरलाय? आधी बघा, पाणी चढतंय का

आम्ही देखभाल करतो त्यातल्या एका सर्व्हरवर गावोगावच्या काही दूध संस्थांचे हिशेब चालतात. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं, त्यामुळे महिन्यातले तीन दिवस त्या यंत्राला श्वास घ्यायला फुरसत नसते. काही वर्षांपूर्वी, ९ तारखेच्या संध्याकाळी, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून मी त्या सर्व्हरवर सहज 'फ्री' ही, मेमरी किती वापरात आहे ते दाखवणारी, आज्ञा चालवली. ८ जीबी रॅमचं यंत्र. खाली स्वॅपच्या ओळीत २ जीबीपैकी १.४ जीबी वापरात. आकडा बघून धस्स झालं. स्वॅप म्हणजे डिस्क, डिस्क म्हणजे संथ, आणि परवा बिल. त्या रात्री, काम शांत असताना, मी स्वॅप बंद केला आणि यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलमधली त्याची ओळही काढून टाकली.

११ तारखेला सकाळी साडेनऊला फोन आला. "सर, सर्व्हर लई स्लो झालाय. क्लिक केलं की पाच-पाच मिनिटं काय हलत न्हाई." मी आत शिरायचा प्रयत्न करेपर्यंत डेटाबेसच बंद पडला होता. लॉगमध्ये एक ओळ होती : आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस. म्हणजे मेमरी संपली, प्रोग्रॅम मारला. चूक माझी होती. त्या दिवशी गावांत लोक बिलासाठी ताटकळले, आणि दूध घालणाऱ्या माणसाचं घर त्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं. म्हणून स्वॅप म्हणजे नेमकं काय, आणि त्याच्याकडे कसं बघायचं, हे नीट सांगावंसं वाटतं.

लक्ष्मीपुरीतलं किराण्याचं एखादं जुनं दुकान डोळ्यांसमोर आणा. पुढं गाळा, गाळ्यात फळ्या, आणि मागच्या बोळात गोदाम. गाळ्यातल्या फळ्या म्हणजे रॅम. हात लांब केला की वस्तू मिळते, पण जागा मोजकीच. गोदाम म्हणजे डिस्क, आणि त्या गोदामात गाळ्यातलं जास्तीचं सामान तात्पुरतं ठेवायला राखून ठेवलेला कोपरा म्हणजे स्वॅप. कुठली वस्तू फळीवर राहील आणि कुठली मागं जाईल हे ठरवणारा दिवाणजी म्हणजे कर्नल, सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो सगळी मेमरी छोट्या सारख्या तुकड्यांत मोजतो. नेहमीच्या सर्व्हरवर हा तुकडा ४ केबीचा असतो आणि त्याला पेज म्हणतात.

आता जून महिना आहे आणि दुकानात दिवाळीचे आकाशकंदील शिल्लक आहेत. ते फळीवर मांडून ठेवण्यात काही अर्थ नाही. दिवाणजी ते मागं पाठवतो आणि त्या जागी रोज खपणारी चहापावडर, साखर लावतो. गिऱ्हाइकाला काहीच फरक पडत नाही, उलट माल लवकर मिळतो. सर्व्हरवरही असंच असतं. एखादी सेवा सुरू होताना बरीच मेमरी घेते आणि पुढं महिनाभर तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. कर्नल ती पेजेस स्वॅपमध्ये टाकतो आणि मोकळी झालेली जागा सतत वाचल्या जाणाऱ्या फाइली हाताशी ठेवायला वापरतो. मी पाहिलेला १.४ जीबीचा आकडा बहुतांश असल्या आकाशकंदिलांचा होता. तो आठवडेच्या आठवडे तिथं पडून होता आणि कुणालाही त्रास देत नव्हता.

मग स्वॅप काढल्यावर एवढं काय बिघडलं? हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि अनुभवी लोकांकडूनही निसटतो, म्हणून इथं जरा थांबू.

फळीवरचं सामान दोन जातींचं असतं. एक म्हणजे छापील दरपत्रक. ते फेकून दिलं तरी बिघडत नाही, लागेल तेव्हा दुसरी प्रत मागवता येते. डिस्कवरच्या फाइलींतून वाचलेली पेजेस अशी असतात. मूळ प्रत डिस्कवर आहेच. पेजमध्ये काही बदल झाला असेल तर तो आधी फाइलीत लिहायचा आणि मग पेज खुशाल टाकून द्यायचं. दुसरी जात उधारीच्या वहीची. कुणाकडून किती येणं आहे हे फक्त त्या वहीत आहे, तिची दुसरी प्रत जगात नाही. प्रोग्रॅम चालताना स्वतःसाठी जी मेमरी मागून घेतो, त्यात आकडेमोड करतो, ती पेजेस या जातीची. त्यांच्यामागं कुठली फाइल नसते म्हणून त्यांना निनावी पेजेस म्हणतात. वही फेकता येत नाही. ती गाळ्यातून हलवायची तर गोदामातच न्यावी लागते.

गोदामाच्या त्या कोपऱ्याला कुलूप लावलं तर? वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या वह्यासुद्धा फळीवर अडकून बसतात. जागा कमी पडली की दिवाणजीच्या हातात फेकण्यासारखं एकच उरतं, दरपत्रकं. तो ती फेकत सुटतो. पण चालू प्रोग्रॅमचा कोडसुद्धा डिस्कवरच्या फाइलीतूनच आलेला असतो, म्हणजे तोही दरपत्रकच. आत्ता फेकलेलं पान पुढच्या क्षणी लागतं, ते परत आणायचं, त्यासाठी दुसरं फेकायचं, तेही लगेच लागतं. स्वॅप नसतानाही डिस्क अशीच धडधडत राहते. ११ तारखेच्या सकाळी "पाच-पाच मिनिटं काय हलत न्हाई" ते याच्यामुळं. मी संथपणा टाळायला स्वॅप काढला आणि त्यातूनच त्याहून वाईट संथपणा ओढवून घेतला.

हे असह्य झालं की कर्नल शेवटचा उपाय करतो. एखादा प्रोग्रॅम निवडून तो मारून टाकतो. या यंत्रणेला ओओएम किलर म्हणतात. निवड करताना तो मुख्यतः एवढंच बघतो की कुणाला मारल्यावर जास्त मेमरी सुटेल. सर्व्हरवर सगळ्यात जास्त मेमरी कोण धरून असतं? डेटाबेस. म्हणजे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तोच आधी जातो. 'ओओएम स्कोर ॲडजस्ट' या आकड्यानं, तो उणे १००० पासून १००० पर्यंत ठेवता येतो, एखाद्या प्रोग्रॅमला वाचवता येतं. पण मेमरीच नसेल तर एकाला वाचवलं की दुसरा जाणार.

गोदामाची फेरी किती महाग पडते त्याचाही अंदाज हवा. रॅममधून एक गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजार पट. फिरत्या हार्ड डिस्कवरून साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे लाख पट. रॅमच्या त्या वेळेला एक सेकंद मानलं, तर एसएसडीची फेरी सतरा मिनिटांची होते, भवानी मंडपातून रंकाळ्यावर चालत जाण्याएवढी. हार्ड डिस्कची फेरी अठ्ठावीस तासांची होते. तेवढ्या वेळात पुण्याला तीनदा जाऊन येता येईल. आकाशकंदील आणायला सहा महिन्यांतून एकदा अशी फेरी मारली तर चालते. दर गिऱ्हाइकामागे मारावी लागली तर दुकान बंद पडल्यातच जमा. पेजेसची अशी अखंड ने-आण सुरू होऊन खरं काम ठप्प होतं, त्याला थ्रॅशिंग म्हणतात.

म्हणजे स्वॅप किती भरलाय यापेक्षा त्यात येणं-जाणं किती चाललंय हे बघायचं. कोल्हापूरकराला हे वेगळं शिकवावं लागू नये. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की घरोघरी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारली जाते. ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण नुसता आकडा ऐकून कुणी गप्प बसत नाही. लगेच दुसरा प्रश्न येतो, "चढतंय का उतरतंय?" २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला तर हा दुसरा प्रश्नच जास्त महत्त्वाचा वाटतो. ३८ फुटांवर स्थिर असलेलं पाणी आणि ३८ फुटांवरून तासागणिक चढणारं पाणी, दोन्हींत सामान कधी हलवायचं याचं उत्तर वेगळं असतं.

'फ्री' ही आज्ञा फक्त पातळी सांगते. चढ-उतार सांगते 'व्हीएमस्टॅट'. तिला दर एका सेकंदाला आकडे दाखवायला सांगा आणि 'एसआय' व 'एसओ' या दोन रकान्यांवर नजर ठेवा. एसआय म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये येणारं, एसओ म्हणजे रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं. पहिल्या ओळीकडं मात्र दुर्लक्ष करा. ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आत्ताची स्थिती नसते. खरं चित्र दुसऱ्या ओळीपासून सुरू होतं. पहिल्या ओळीवरून निदान करून घाबरलेली बरीच पोरं मी पाहिली आहेत.

दोन्ही रकान्यांत शून्य असेल तर स्वॅप निम्मा भरला असला तरी काळजी नाही. एसओ अधूनमधून हलला तरी ठीक, दिवाणजी आवराआवर करतोय. एसआय मात्र सतत हलत असेल तर उठायचं. कारण आत येणारं प्रत्येक पेज कुणाला तरी आत्ता हवं आहे, आणि ते येईपर्यंत तो प्रोग्रॅम थांबून आहे. दोन्ही एकदम मोठे आणि सतत दिसले तर ते थ्रॅशिंग. सोबत 'डब्ल्यूए' हा रकानाही वर गेलेला दिसेल. सीपीयू रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय, असा त्याचा अर्थ.

याहून नेमकं मोजायचं तर 'पीएसआय' आहे, लिनक्स कर्नलच्या ४.२० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून. मेमरीपायी कामं किती टक्के वेळ अडून राहिली हे ते सरळ सांगतं : गेल्या १० सेकंदांतलं, ६० सेकंदांतलं आणि ३०० सेकंदांतलं. त्यात 'सम' ही ओळ म्हणजे निदान एक काम अडलं होतं, आणि 'फुल' म्हणजे करण्यासारखी सगळीच कामं अडली होती. इशारा लावायचाच असेल तर मी 'फुल'वर लावतो. "स्वॅप ५० टक्क्यांच्या वर गेला की मेसेज पाठव" अशा इशाऱ्यांनी रात्रीची झोप मोडण्यापलीकडं काही साधत नाही.

स्वॅप कुणाचा आहे हे शोधायला प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, 'स्टेटस' फाइलीत 'व्हीएमस्वॅप' नावाची ओळ असते. पण तिथं एक गफलत हमखास होते. गोदामात ज्याचं सामान सापडतं तो बिचारा गप्प बसलेला असतो, म्हणूनच त्याचं सामान मागं गेलं. जागा खाणारा दुसराच कुणीतरी असतो आणि तो ऐटीत फळीवर बसलेला असतो. स्वॅपमध्ये सापडलेल्याला रीस्टार्ट करण्याआधी रॅममध्ये कोण फुगलंय ते बघा.

स्वॅप किती ठेवायचा? रॅमच्या दुप्पट, हा नियम रॅम फार थोडी असायची त्या काळातला. लिनक्समध्ये पेजेस डिस्कवर टाकायची सोय आली तीच मुळी त्या टंचाईतून. २ एमबी रॅमच्या यंत्रावर कर्नल कंपाइल होत नाही, म्हणजे मूळ कोडातून तयार करता येत नाही, अशी एकाची अडचण होती, म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ च्या नाताळात ती लिहिली आणि जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत दिली. ६४ जीबीच्या सर्व्हरला १२८ जीबी स्वॅप देण्यात काही हशील नाही. तेवढा स्वॅप खरोखर भरायची वेळ आली तर यंत्र कधीच ठप्प झालेलं असेल. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या मार्गदर्शनात २ जीबीपर्यंत रॅमला दुप्पट, २ ते ८ जीबीला रॅमएवढाच, आणि त्यापुढं किमान ४ जीबी असं धोरण आहे. लॅपटॉप हायबरनेट करायचा, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून बंद करायचा असेल तर साधारण रॅमएवढी जागा लागते, पण सर्व्हरला तो प्रश्न नाही. माझं मत : थोडा तरी स्वॅप ठेवाच. आकाशकंदिलांना जागा मिळेल एवढा असावा, आणि एखादा प्रोग्रॅम बेफाम सुटला तर अर्धा दिवस फरफटत ठेवेल एवढा नसावा. क्लाउडवर घेतलेल्या बऱ्याच छोट्या यंत्रांत स्वॅप मुळातच दिलेला नसतो. यंत्र हातात आलं की हे आधी तपासून घ्या.

स्वॅप बनवायला पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा तुकडा, लागत नाही, फाइल पुरते. उबुंटू या लिनक्सनंही २०१७ मधल्या १७.०४ आवृत्तीपासून नेहमीच्या इन्स्टॉलला स्वॅप फाइलच धरली आहे. हव्या त्या आकाराची फाइल 'डीडी' या आज्ञेनं शून्यं भरून बनवायची. 'एफअलोकेट'नं ती क्षणात बनते, पण काही फाइलसिस्टिमवर तशी फाइल स्वॅपसाठी नाकारली जाते, म्हणून मी डीडीच वापरतो. मग तिची परवानगी ६०० करायची, म्हणजे रूटशिवाय, यंत्राच्या मुख्य खात्याशिवाय, कुणाला वाचता येणार नाही. हे विसरू नका, कारण रॅममधले पासवर्डही त्या फाइलीत जाऊन पडू शकतात. मग 'एमकेस्वॅप'नं ती स्वॅपसाठी तयार करायची, मग 'स्वॅपऑन'नं चालू करायची. शेवटी 'एफएसटॅब'मध्ये ओळ. ती राहिली तर आज सगळं ठीक दिसतं आणि पुढच्या रीबूटनंतर स्वॅप गायब असतो.

बंद करायची आज्ञा 'स्वॅपऑफ'. ती दिल्यावर आत असलेलं एकूण एक पेज रॅममध्ये परत आणावं लागतं. जागा नसेल तर ती अर्ध्यात अपयशी होते, जागा असली तरी वेळ खाते. भर कामाच्या वेळी ती चालवू नका, आणि "स्वॅप रिकामा करून घेऊ" म्हणून उगाच बंद-चालू तर अजिबात करू नका.

'स्वॅपिनेस' या आकड्याबद्दल मात्र फार गैरसमज आहेत. तो मुळात ६० असतो. रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतो, किंवा ४० टक्के भरली की होतो, अशी दोन्ही स्पष्टीकरणं मी ऐकली आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. त्याचा टक्क्यांशी संबंध नाही. जागा करायची वेळ आली की दिवाणजीनं दरपत्रकं फेकण्याकडं किती झुकायचं आणि वह्या मागं पाठवण्याकडं किती, त्याचा हा काटा. १०० म्हणजे दोन्ही सारखंच महाग. त्याच्या खाली जाल तसा दरपत्रकांवर जास्त हात पडतो. शून्य केल्यानं स्वॅप बंद होत नाही, अगदी गळ्याशी आल्यावर तो वापरला जातोच. कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासून हा काटा २०० पर्यंत नेता येतो. डिस्कवर स्वॅप ठेवलेल्या यंत्रांना त्याचा उपयोग नाही, पण जिथं स्वॅप हीच वेगवान जागा आहे तिथं आहे.

ती वेगवान जागा म्हणजे 'झेडरॅम'. रॅमचाच एक भाग राखून त्यात पेजेस दाबून, आकसून ठेवायची. गोदामापर्यंत जायचंच नाही, सामान गाळ्यातच घट्ट बांधून वरच्या फळीला लावायचं. बांधायला-सोडायला सीपीयू थोडा खर्ची पडतो, पण डिस्कच्या फेरीपुढं तो खर्च काहीच नाही. फेडोरा या लिनक्सनं २०२० मधल्या ३३ व्या आवृत्तीपासून हाच मार्ग घेतला. छोट्या क्लाउड यंत्रांना, जिथं डिस्क नेटवर्कच्या पलीकडं असते, मला हा उपाय फार आवडतो.

दूध संस्थांच्या सर्व्हरचं दुखणं मात्र स्वॅपमध्ये नव्हतंच. ११ तारखेच्या दुपारी शांतपणे बघितलं तेव्हा कळलं की ८ जीबीच्या यंत्रात डेटाबेसच्या बफरला, म्हणजे वाचलेला डेटा रॅममध्ये हाताशी ठेवायच्या जागेला, आम्हीच ६ जीबी देऊन ठेवले होते. एरवी ते खपून जायचं. बिलाच्या सकाळी सगळ्या संस्थांचे रिपोर्ट एकदम सुटले की उरलेले २ जीबी कुणाकुणाला पुरणार? आम्ही बफर ४ जीबीवर आणला, रिपोर्ट एका वेळी तीनच चालतील अशी रांग लावली, ४ जीबीची स्वॅप फाइल बनवली आणि स्वॅपिनेस १० केला. स्वॅपिनेसचा भाग कदाचित नसता केला तरी चाललं असतं. खरा फरक बफर आणि रांगेनं पडला.

२१ तारखेला सकाळी दहाला मी फोन जवळ घेऊनच बसलो होतो. तो वाजला.

"सर, बिलं निघाल्यात सगळी. पण स्वॅप ९०० एमबी भरलाय बघा."

"एसआय, एसओ काय म्हणतंय?"

पलीकडं कीबोर्डचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही, तो ओळी खाली सरकताना बघत होता.

"शून्य. दोनी बी शून्यच हायत."

"मग असू दे. हात लावू नको."